युरोपचा राब

युरोपला जायचं असेल तर आधी माहुली चढून या, असं गिऱ्हाइकाला तोंडावर सांगणारा टूर कंपनीचा एजंट मी आयुष्यात एकच पाहिला. ते शहापूरच्या बाजारपेठेत बसायचे आणि त्यांचा मूळ धंदा खतांचा होता.

गाव त्यांना 'युरोपवाले' म्हणायचं, मी काका म्हणायचे. दुकानाच्या डाव्या अंगाला युरियाच्या गोण्यांची थप्पी, मधल्या फळ्यांवर फवारणीच्या औषधांच्या बाटल्या आणि उजव्या अंगाला एक टेबल. टेबलाच्या वर स्वित्झर्लंडमधल्या एका तळ्याचं कॅलेंडर. त्याच खिळ्यावर उंदीर मारायच्या औषधाची जाहिरातही टांगलेली होती, त्यामुळे वारा आला की तळ्याच्या निळ्या पाण्यावर एक मेलेला उंदीर येऊन पडायचा. काकांना त्यात काही वावगं वाटत नसे. "काका, दाणेदार खत आलं काय?" असं कोणी पायरीवरून विचारलं की ते टेबलावरूनच उत्तर द्यायचे, "आलंय. आणि तुझा व्हिसा पण आलाय. आधी काय उचलतोस?"

हा जोडधंदा त्यांच्याकडे चालत आला होता. महामार्गासाठी जमिनी गेल्या, मोबदल्याचे पैसे आले, आणि ज्यांच्या घरात कल्याणच्या पलीकडे कोणी गेलं नव्हतं त्यांनीही पासपोर्ट काढले. मुंबईच्या एका टूर कंपनीला हे कळलं. शेतकरी आपल्या पायानं येऊन बसतो अशी जागा त्यांना हवी होती. देवळात टेबल टाकता येईना, म्हणून ते खताच्या दुकानात टाकलं.

कंपनीची रंगीत माहितीपत्रकं काका फार गंभीरपणे वाचत. 'स्वप्नवत', 'अविस्मरणीय', 'पृथ्वीवरचा स्वर्ग'. वाचून झालं की चष्मा कपाळावर सरकवून म्हणत, "खताच्या गोणीवर पण असंच लिवलेलं असतं. 'भरघोस'. खाली बारीक अक्षरात लिवतात, पाऊस झाला तर."

मी इथल्या कॉलेजात ग्रंथपाल आहे, घरी जाताना काकांच्या दुकानात जरा टेकत असे. युरोप मी बसल्या जागी बराच पाहिलेला होता, आणि ज्यांनी तो बसमधून पाहिला त्यांच्यापेक्षा आपण सुखी आहोत अशी माझी समजूत होती. त्या समजुतीला आमच्या नाक्यावरचे फ्लेक्स खतपाणी घालत. कोणी युरोपहून आलं की चार दिवसांत फ्लेक्स लागायचा. पाठीमागे आयफेल टॉवर, पुढे काळा गॉगल, वर 'युरोप दौरा यशस्वीरीत्या पूर्ण केल्याबद्दल हार्दिक अभिनंदन', आणि खाली शुभेच्छुकांचे गोल गोल फोटो. यशस्वी न झालेला युरोप दौरा कसा असतो, हे मला नेहमी जाणून घ्यावंसं वाटे.

काकांना मात्र ते माहीत होतं.

त्यांची पद्धत अशी होती. गिऱ्हाईक आलं, बूड टेकलं, की काका विचारायचे, "राब भाजलास काय?"

हा प्रश्न भाताचा आहे. आमच्याकडे भात थेट सगळ्या शेतात पेरत नाहीत. उन्हाळ्यात शेताच्या एका तुकड्यावर शेण, पालापाचोळा, बारक्या फांद्या पसरतात, वर माती टाकतात आणि पेटवून देतात. त्याला राब भाजणं म्हणतात. पावसाला त्या भाजलेल्या तुकड्यात बी पडतं, तिथे रोप वर येतं आणि मग ते उपटून बाकीच्या शेतात लावतात. हे आधीचं काम केलं नाही तर पुढचं सगळं शेत मोठं असून उपयोगाचं नसतं.

काकांनी ही रीत युरोपला लावली होती. ज्याला आल्प्स पाहायचे असतील त्यानं आधी माहुली चढून यायचं. ज्याला व्हेनिस हवं त्यानं भातसा धरणाच्या पाण्यापलीकडच्या पाड्यावर होडीनं जाऊन एक दिवस राहायचं. मोठ्या संग्रहालयांतली चित्रं ज्यांच्या यादीत असत त्यांना काका एखाद्या वारली पाड्यावर पाठवायचे, लग्नघराच्या भिंतीवर चौक लिहिला, म्हणजे लग्नाचं चित्र काढलं जात असताना सुरुवातीपासून शेवटपर्यंत बसून बघायला. पिसाच्या मनोऱ्यासाठी पंचायतीसमोरचा विजेचा खांब होता. तो अनेक वर्षं कललेला होता आणि त्यासाठी कुठे जावं लागत नसे.

आपल्याकडचं सगळं भारी आणि परदेशातलं फुकट, अशी ती भानगड असेल म्हणून मी पहिल्यांदा सावध झाले होते. पण एकदा वाशिंदच्या कारखान्यातला एक तरुण माहुली उतरून तसाच दुकानात आला आणि छाती काढून म्हणाला, "काका, आल्प्स काय करतील आपल्या माहुलीपुढं!" काका म्हणाले, "गप रे. माहुली माहुली हाय, आल्प्स आल्प्स हाय. तू अजून कोणाचाच पाव्हणा झालेला नायस."

गिऱ्हाईक राब भाजून आलं की त्याची परीक्षा असायची. तो फोन काढायचा. काका फोनवर पंजा ठेवायचे आणि म्हणायचे, "फोटो नको. सांग."

"काय सांगू?"

"काय बघितलंस ते. फोटोत नाय आलं असं एक सांग. आणि मोठ्यानं सांग, मला कमी ऐकू येतं."

शेवटचं वाक्य मला पटत नसे. गोण्यांमागे उंदीर हलला तर यांना ऐकू यायचा. पायरीखाली कोणी कोणाला यांच्या खताच्या दराबद्दल काही पुटपुटलं तर हे आतून उत्तर द्यायचे. पण गिऱ्हाइकानं तोंड उघडलं की कानामागे हात जायचा. "मोठ्यानं रे! माहुलीवर ओरडला असशील तेवढं ओरड."

आमचे एक उपसरपंच काकांना टाळून कल्याणच्या एजंटाकडून युरोप करून आले. फ्लेक्स लागला. मग ते मुद्दाम दुकानात आले, खुर्ची ओढून बसले आणि म्हणाले, "बघा, तुमच्या राबाबिगर पण जाऊन आलो."

"चांगलं केलंत. काय बघितलंत?"

"एक नंबर. सगळं एकदम क्लीन."

"अजून?"

उपसरपंचांनी फोन काढला. पंजा आला. उपसरपंच छताकडे बघायला लागले. दुकानात बीज प्रक्रियेचं औषध घ्यायला आलेले दोघेतिघे होते, तेही छताकडे बघायला लागले.

"पॅरिसमध्ये," उपसरपंच शेवटी म्हणाले, "जेवणात श्रीखंड होतं."

आतून, गोणपाटाच्या पडद्यामागून, बाईमाणसाच्या हसण्याचा आवाज आला. उपसरपंच उठले. काकांनी त्यांना पायरीपर्यंत पोचवलं आणि अगदी मनापासून म्हणाले, "वाईट वाटून घेऊ नका. माझं पण असंच झालं होतं." तेव्हा मला ते सौजन्य वाटलं होतं.

कंपनीच्या मुंबईच्या साहेबांनाही ही पद्धत कळली. ते भर मे महिन्यात टाय बांधून आले. "काका, तुम्ही आलेला कस्टमर परत पाठवता?"

"परत नाय, पुढं पाठवतो. तुमी भात खाता ना साहेब?"

"खातो."

"मग राब न भाजता लावलेलं रोप कसं होतं, म्हायती असंल."

साहेबांनी माझ्याकडे दुभाष्याकडे बघावं तसं बघितलं. काकाच पुढे म्हणाले, "पिवळं पडतं. उभं असतं, पण पिवळं. तुमच्या बसमधनं उतरणारी माणसं बघा एकदा." साहेब पाणी पिऊन गेले. काकांचं टेबल मात्र गेलं नाही, कारण काकांकडून गेलेली माणसं परत येऊन आणखी चौघांना पाठवत.

मी हे सगळं फुकटची करमणूक म्हणून बघत होते, तोवर माझ्याच घरातून युरोपचं काम निघालं.

माझे वडील भातसानगरला, धरणाच्या कार्यालयात नोकरीला होते. आम्ही कॉलनीतच वाढलो. स्वित्झर्लंड हा वडिलांचा शब्द होता. पाऊस पडून डोंगर हिरवे झाले की ते क्वार्टरच्या ओट्यावर उभे राहून म्हणायचे, "स्वित्झर्लंड याहून वेगळं काय असणार?" आणि लगेच, "पण एकदा बघून खात्री केली पाहिजे." निवृत्त झाल्यावर शहापुरात घर घेतलं आणि दोघांचे पासपोर्ट काढले. दोन्ही पासपोर्ट एकाच टपालानं आले. पावसाळा संपायच्या आत वडील गेले.

त्यानंतर आई खिडकीशी बसायला लागली. खिडकीतून शेजारच्या इमारतीची पाण्याची टाकी दिसते. रडणं नाही, तक्रार नाही, फक्त टाकी. बाजारात जाईना, नात्यातल्या लग्नांना जाईना, टोकावड्याच्या पुढे तिचं माहेर आहे तिथून मामा न्यायला आला तर म्हणाली, "पुढल्या वेळी." बोलायची ती 'हो', 'नको' आणि 'तूच बघ'. कॉलेजातून घरी यायच्या वेळी जिन्यात माझा पाय जड व्हायचा. आई हळूहळू त्या टाकीच्या पलीकडे निघून चाललीय आणि मला तिला हाक मारता येत नाही, असं वाटायचं.

शेवटी मी तेच केलं जे पगारदार मुलं करतात. तिला न विचारता तिच्यासाठी काहीतरी घ्यायला गेले. काकांच्या टेबलाशी बसले आणि म्हटलं, "काका, आईला स्वित्झर्लंड. माझा विश्वास नाही तुमच्या राबावर, तो आपण सोडून देऊ."

"त्यांना येऊ दे."

"ती घराबाहेर पडत नाही. म्हणून तर."

"घराबाहेर पडत नाय आणि तू विमानात बसवतेस? गोणीत भरून नेणार हायस काय?"

मी कल्याणच्या एजंटाकडे जाईन असं म्हणाले. काका म्हणाले, "जा की. तिकडं श्रीखंड असतं."

घरी येऊन मी रागानं हे सगळं आईला सांगितलं. श्रीखंडाचं ऐकून तिच्या तोंडाचा कोपरा हलला. दुसऱ्या दिवशी तिनं साडी बदलली. कुठे, म्हणून विचारलं तर म्हणाली, "बघू तर खरं, कोण माणूस आहे."

आई टेबलासमोर बसली. काकांनी विचारलं, "कुठं जायचंय?"

"ह्यांना स्वित्झर्लंड बघायचं होतं."

"ह्यांचं नाय विचारलं. तुमाला?"

मला वाटलं, आता मी उठावं आणि आईला घेऊन जावं. आई बराच वेळ त्या कॅलेंडरकडे बघत राहिली. वारा आला, उंदीर येऊन पडला, परत गेला. मग ती म्हणाली, "रोम."

मी जन्मात आईच्या तोंडून हा शब्द ऐकला नव्हता.

"आमच्या शाळेच्या बाई सांगायच्या," ती म्हणाली, "कल्याणच्या बंदरात रोमचा माल उतरायचा आणि नाणेघाटानं वर जुन्नरला जायचा. आमच्या घराच्या मागनंच. मी तेव्हा म्हणायचे, माल इकडे येतो तर माणूस तिकडे का जात नाय?"

काकांच्या चेहऱ्यावर, पहिला पाऊस वेळेवर पडलेल्या शेतकऱ्याचा असतो तसा भाव आला. "म्हंजे नाणेघाट तुमच्या माहेरच्या डोक्यावर. किती वेळा चढलात?"

आईनं पदर सारखा केला.

"एकदा तरी?"

"लाकडाफाट्याला पायथ्यापर्यंत जायचो. वर कशाला जाईल कोण?"

"मग आता जा. रोम त्याच्या पुढं हाय."

आम्ही थंडीत गेलो. शहापूरहून किन्हवली, सरळगाव करत टोकावडं, आणि तिथून मामा बरोबर. वडील गेल्यावर आई पहिल्यांदा माहेरच्या ओट्यावर बसली, पण चहा पिऊन लगेच उठली. चढ सुरू झाला आणि झाडी संपायच्या आतच ती एका दगडावर बसली. "नको. गुडघे." मामा म्हणाला, "तायडे, अजून तर घाट चालूच नाय झाला." ती उठली, आणि खाली वळली. परतीच्या एसटीत मी काकांना मनातल्या मनात बरंच काही ऐकवलं.

ते तोंडावर ऐकवायला मी दुकानात गेले, तर आई माझ्याबरोबर निघाली. काकांनी विचारलं, "काय बघितलंत?"

"काय नाय. पाय बघत होते."

"मग पायांचंच सांगा. मोठ्यानं."

"पायात ह्यांच्या चपला होत्या," ती म्हणाली. "घरात तेवढ्याच होत्या दाराशी. मोठ्या होतात मला. सारख्या सटकत होत्या."

मला हे माहीत नव्हतं. मी तिच्या शेजारी चालत होते आणि मला दिसलं नव्हतं. मग पडद्यामागून आवाज आला, "अगो आत ये. चाय ठेवलाय. त्या मोठ्या चपला घालून आलीस काय आज पण?"

आई पडदा सारून आत गेली आणि बराच वेळ बाहेर आली नाही. मी युरियाच्या गोण्यांवर बसून राहिले. आतून बोलणं येत होतं, आणि कॉलनीत राहून राहून सरळ झालेली आईची भाषा तिथे पुन्हा माहेरची झाली होती. "नाय गो", "आमी तर", "असं काय करतंस". मधेच ती हसली. मी हातातलं माहितीपत्रक उलटं धरलं होतं, हे काकांनी मला दाखवलं.

रिक्षात आईनं मला सगळं सांगितलं. कित्येक महिन्यांत ती एका दमात एवढं बोलली नव्हती.

आत काकू होत्या, काकांची बायको. साखरेच्या दुखण्यात त्यांचे डोळे गेलेले होते. कंपनीनं सुरुवातीला सगळ्या एजंटांना एकदा युरोप फिरवून आणलं होतं, तसे काकाही गेले होते. परत आले ते फोन भरून फोटो घेऊन. काकूंच्या शेजारी बसले, फोन काढला, आणि मग त्यांच्या लक्षात आलं. काकू म्हणाल्या, "फोटो नको. सांगा."

काका सांगायला लागले. बस एसी होती. हॉटेल स्वच्छ होतं. गाइड मराठी होता.

"आणि?"

आणि काही नव्हतं. माणूस युरोप फिरून आला आणि त्याच्याजवळ सांगायला बस होती. काकू आईला म्हणाल्या, "मी काय बोलली नाय. पण दोन दिवस जेवले नायत ते. तिसऱ्या दिवशी उठून एकटेच माहुलीवर गेले. आले ते रात्रीपर्यंत सांगत होते. एवढा बोलणारा माणूस हाय, हे मला लग्नाला इतकी वर्षं होऊन म्हायती नव्हतं."

तेव्हापासून टेबलाशी बसणाऱ्या प्रत्येकानं मोठ्यानं सांगायचं, कारण पडद्याच्या आड ऐकणारं माणूस होतं. काकांचे कान ठणठणीत होते.

"म्हणजे आपण सगळे त्यांच्या बायकोसाठी डोंगर चढतोय," मी म्हटलं.

"मग?" आई म्हणाली. "तुझे पुस्तकवाले कोणासाठी चढले होते?"

रिक्षा बाजारातून चालली होती. आईनं रिक्षा थांबवली, उतरली आणि स्वतःच्या मापाच्या चपला घेतल्या.

शिमग्याच्या सुमारास आम्ही पुन्हा गेलो. या वेळी ती आदल्या दिवशीच माहेरी गेली आणि आम्ही उजाडताच निघालो. आई हळू चढली, पण वर बघत चढली. वरच्या टप्प्यात दगडी पायऱ्या लागतात, शेकडो वर्षांच्या पावलांनी मध्ये झिजून खोलगट झालेल्या. एका पायरीवर तिनं चप्पल काढून त्या खळग्यात पाऊल ठेवलं. "बसतंय," ती म्हणाली. माथ्यावर जकातीचा म्हणतात तो दगडी रांजण आहे. तो तिनं चारी बाजूंनी फिरून पाहिला, आत डोकावली आणि मामाला म्हणाली, "कोणीतरी वेफर्सच्या पिशव्या टाकल्यात रे. काढ."

दुकानात ती न विचारताच मोठ्यानं बोलायला लागली.

"वरनं माझं माहेर बघितलं. आधी ओळखू येईना. सगळीकडे धूर. खाली सगळे राब भाजत होते ना! मग आमच्या आंब्याच्या जरा पुढं एक धूर दिसला, सरळ वर येणारा. म्हटलं, हा आमचा. लहानपणापास्नं तो धूर डोळ्यांत गेलाय माझ्या, चुलीएवढा ओळखीचा. पण मी कायम खालीच होते. धुराचा शेंडा कुठं जातो ते आज बघितलं. तो घाट चढून वर येतो. पार रांजणापर्यंत वास होता."

काकांनी खण उघडला आणि तिचा अर्ज बाहेर काढला. तो दिवाळीपासून भरून ठेवलेला होता. आतून काकू म्हणाल्या, "आता राब झाला हो."

मामानं हौसेनं फ्लेक्स छापून आणला. 'रोम दौऱ्यास हार्दिक शुभेच्छा', आणि खाली आधार कार्डावरचा आईचा फोटो मोठा करून, त्यामुळे ती रोमला शिक्षा भोगायला निघाल्यासारखी दिसत होती. आईनं तो नाक्यावर लावू दिला नाही. पुढे पावसाळ्यात तो मामाच्या गोठ्यावर गेला. फ्लेक्सचा इतका सरळ उपयोग मी दुसरा पाहिलेला नाही. दोन म्हशी त्या शुभेच्छांखाली कोरड्या राहिल्या.

आई मे महिन्यात कंपनीच्या टूरबरोबर युरोपला गेली; त्यात रोमही होतं आणि स्वित्झर्लंडही. फोन केला की म्हणायची, "आल्यावर सांगते." आली ती पेरणीच्या तोंडावर. विमानतळावरून घरी आली, आंघोळ केली आणि म्हणाली, "आधी दुकानात."

दुकानात भाताचं बियाणं घ्यायला पायरीपर्यंत माणसं उभी होती. आई गोण्यांवर बसली आणि पडद्याकडे तोंड करून सुरू झाली. रोमचा जुना रस्ता, त्याचे काळे दगड, दगडांत चाकांनी पडलेले चर. "आपल्या घाटात पावलांनी झिजलंय, तिथं चाकांनी. मी बोट घालून बघितलं. बोट जातं आत."

"मावशी, जरा आटपा रोम," मागून एक जण म्हणाला, "पाऊस येईल."

"येऊ दे. राब भाजलास ना? मग गप ऐक."

मग स्वित्झर्लंड. कॅलेंडरवरचं तळं तिनं खरोखर पाहिलं होतं, पण त्यावर ती फार बोलली नाही. "तळ्याच्या वरच्या अंगाला एक लहान गाव होतं. सगळे खाली फोटो काढत होते, मी वर चढले. चपला चांगल्या होत्या. तिथं एक गोठा होता, आणि शेणाचा वास. आपल्यासारखाच, जरा गोडसर. कॅलेंडरात येत नाय तो. मी तिथंच बसले. ह्यांच्या वाटचं पण बघून घेतलं. हिरवं तेवढंच हाय. पण खात्री केली."

ती थांबली. पडद्यामागून काकूंचा आवाज आला, "सावकाश सांग गो. वर चढताना एवढी घाई करू नको. मी मागनं येतेय."

आज ते दुकान नाही. काकांना गोण्या उचलवेनात, आणि काकूंची तब्येत पाहून मुलीनं दोघांना वाशिंदला नेलं. जुन्या जागेत आता काचेचं दार असलेलं टूर ऑफिस आहे. आत गारवा आहे, भिंतीवर हलणारी चित्रं आहेत आणि खुर्चीतला मुलगा फार नम्रपणे कुठेही पाठवतो, काही विचारत नाही. नाक्यावर फ्लेक्स पूर्वीपेक्षा मोठे लागतात.

खिडकीतून टाकी दिसते, पण आईची खुर्ची आता तिथे नसते. ती आठवड्यातून एकदा तरी वाशिंदला जाते. यंदा थंडीत बायकांचा एक घोळका घेऊन ती पुन्हा नाणेघाट चढली, आणि मी मागे राहिले तेव्हा वरून ओरडली, "पुस्तक मिट गो, आणि चल!" एका खताच्या दुकानदारानं एक बाई परत दिली, याचे आभार कसे मानायचे हे मला कुठल्याच पुस्तकात सापडलेलं नाही. मी एकदा प्रयत्न केला होता. काका म्हणाले, "मी काय केलं? नाय म्हटलं फक्त."

परवा मीही आईबरोबर वाशिंदला गेले. तिसऱ्या मजल्यावरची लहान खोली, काकू पलंगावर, काका कोपऱ्यातल्या खुर्चीत डोळे मिटून. सांगता सांगता आई रोममध्ये पोचली होती. जुन्या बाजाराच्या पडक्या खांबांमधून निघून ती गल्ल्यांतून मोठ्या चर्चकडे चालली होती, आणि बऱ्याच वेळा सांगून झाल्यामुळे जरा भरभर चालली होती.

"थांब थांब," काकू म्हणाल्या. "त्या वळणावर नळ होता ना? कायम वाहणारा? मागल्या वेळी तिथं पाणी प्यालो होतो आपण."

"अगो हो, विसरलेच."

"ऊन केवढं हाय. तशीच कशी जातेस?"

आई मागे वळली. नळाचं पितळी तोंड, त्याखाली धरलेली ओंजळ, दातांना लागणारं गार पाणी, सगळं नीट सांगितलं. मग गल्ली संपली, उजेड आला, आणि दोघी चर्चच्या भल्यामोठ्या चौकात पोचल्या. काकूंनी मान वळवून कोपऱ्याकडे कान दिला.

"अहो, आमी पोचलो. तुमी कुठं राहिलात?"

काकांनी डोळे उघडले नाहीत.

"नळावर," ते म्हणाले. "पाणी पितोय."